बर्लिनमधला हापसा

“हात खिशात ठेवा, बाबा.”

अलेक्झांडरप्लाट्झच्या त्या मोठ्या गोल घड्याळाखाली उभी राहून मी माझ्या बापाला हे सांगितलं. जुलैची सकाळ, साडेनऊ वाजलेले, ऊन तापायला लागलेलं. बाबांनी हात उलटेसुलटे करून बघितले.

“काहून? थंडी तर न्हाई.”

“असू दे. ठेवा.”

त्यांनी प्रयत्न केला. “खिसाच शिवलेला हाय की गं.”

कोट नवा होता. मीच घेऊन दिलेला. दुकानातून आलेले खिशाचे टाके तसेच होते. मी घराच्या किल्लीनं ते टाके उसवले आणि बाबांचे हात आत गेले. डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही. मी तिसरीत असताना हापशाच्या साखळीत गेलं. बाकीच्या नऊ बोटांच्या रेघांत जे काळं बसलंय ते कुठल्याच साबणानं निघत नाही. असे हात डेप्युटी इंजिनियरचे नसतात.

आणि त्या दिवशी माझा बाप डेप्युटी इंजिनियर होता. मी केला होता त्यांना.

खरं सांगायचं तर विठ्ठल सरोदे हे परभणी जिल्ह्यात एका पंचायत समितीत हातपंप मेकॅनिक होते. गावातला हापसा बंद पडला की सायकलवर, नंतर पथकाच्या जीपमधून जायचे, पंधरा-पंधरा पाइप हातानं वर काढायचे, वॉशर बदलायचे, पाणी चालू करून परत यायचे. त्या पगारावर मी शिकले. आता बर्लिनच्या एका संस्थेत धातू का झिजतात ह्यावर संशोधन करते. 

हृषिकेश दामले आणि मी तीन वर्षं एकत्र आहोत. त्याचे आईवडील म्युनिकला असतात. श्रीधरकाका तिथं गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर म्हणून आले आणि तिथंच निवृत्त झाले. मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर कुंदाकाकू म्हणाल्या, “जातबीत आम्ही मानत नाही हं दीपा. घर शिकलेलं असलं की झालं. बाबा काय करायचे?”

आम्ही बौद्ध आहोत हे मी त्यांना पहिल्याच भेटीत मान वर करून सांगितलं होतं. तेव्हा जीभ अडखळली नाही. आणि बापाचं काम विचारल्यावर तीच जीभ म्हणाली, “जिल्हा परिषदेत. पाणीपुरवठा. डेप्युटी इंजिनियर.” कोणी गळा धरला नव्हता माझा. हृषिकेशला खरं माहीत होतं. कॉल संपल्यावर तो म्हणाला, “राहू दे ना. लग्न झाल्यावर कोण विचारतंय?”

त्या शुक्रवारी दामले मंडळी बर्लिनला आली होती ती लग्नाची तारीख ठरवायला. दिवसभर पायी शहर बघायचं, एक वाजता जेवायला बसायचं, जेवताना तारीख. असा बेत श्रीधरकाकांनी आखला होता. बाबा तीन आठवड्यांपासून माझ्याकडे राहत होते. मी त्यांना दोन दिवस आधी सगळं सांगून टाकलं. ते भाकरीचा घास चावत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, “खोटं बोलणार न्हाई मी. पर गप बसतो. गप बसायची सवय हाय मला.”

तेवढ्यावर मी खूश झाले. लाज वाटायला हवी होती. खूश झाले.

दामले आले. श्रीधरकाकांच्या डोक्यावर कापडी टोपी, पायात चालायचे बूट, हातात नकाशा. फोन असताना नकाशा. मागं कुंदाकाकू, पाण्याची बाटली, छत्री, सुका मेवा. हृषिकेश मधेच घुटमळत.

“विठ्ठलराव! शेवटी भेट झाली!”

“जय भीम, साहेब.” बाबांनी उजवा हात बाहेर काढला. उजवा पुरा आहे. मी श्वास सोडला.

“नमस्कार, नमस्कार. हात मजबूत आहे हो तुमचा!”

“कामाचा हाय.”

“वा!” श्रीधरकाका हसले. “तर मंडळी, बर्लिन पायीच बघायचं. बसमधून दिसतं ते बर्लिनचं पोस्टकार्ड. चला.”

आम्ही चालायला लागलो. आधी लाल विटांची नगरपालिका, मग जुन्या चर्चभोवतीच्या दगडी गल्ल्या. काका थांबून थांबून सांगत होते. इथं शहर सुरू झालं, इथं मासळीबाजार, इथून राजे. चांगलं सांगत होते, खोटं कशाला बोलू. बाबा मान वर करून मनोरे बघायचे आणि लगेच खाली बघायचे. गटारांची झाकणं, फरसबंदीचे दगड, पावसाचं पाणी जायला ठेवलेला उतार.

“विठ्ठलराव, तुम्ही डिझाइन बघायचात की एक्झिक्युशन?”

मी थांबले. हृषिकेशनं माझ्याकडे बघितलं.

“एक्झिक्युशन,” बाबा म्हणाले.

“फील्डवर म्हणजे!”

“सगळं फील्डवरच.”

“हाताखाली माणसं किती असायची?”

“एक. कधी दोन. पाइप मात्र दीडशे फूट असायचा.”

काका मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. “मिश्कील आहात हं!” कुंदाकाकूंनी बाबांना चार बदाम दिले. बाबांनी उजव्या हातानं घेतले आणि एकेक करून खाल्ले. मी मनातल्या मनात हिशेब लावत होते, एक वाजायला किती वेळ आहे.

चर्चच्या मागच्या गल्लीत बाबा थबकले.

फुटपाथवर हापसा उभा होता. हिरव्या रंगाचा, माणसाएवढा, वर नक्षीची टोपी, बाजूला लांब वाकडा दांडा. बर्लिनमध्ये असे हापसे जागोजागी आहेत, दीड-दोन हजार तरी. युद्धात, संकटात नळ बंद पडले तर लोकांना पाणी मिळावं म्हणून ठेवलेले. सहा वर्षं मी त्यांच्या बाजूनं रोज जात होते आणि एकदाही बाबांना फोनवर सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, ते मला त्या सकाळी उभ्या उभ्या कळलं.

बाबांचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले. त्यांनी हापशाच्या अंगावरून हात फिरवला, जसा कोणी बैलाच्या पाठीवरून फिरवतो.

“ओतीव लोखंड. शंभर वर्षं तर असंल ह्याचं वय.” मग त्यांची नजर बारक्या पाटीवर, फुली मारलेल्या पेल्याच्या चित्रावर गेली. चेहरा बदलला. आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, “दीपा, ही पाटी कोणासाठी? कोणी पिऊ न्हाई म्हणून लिहिलंय?”

“पिण्याचं पाणी नाही, असं लिहिलंय बाबा.”

“ते कळलं. पर कोणाला?”

“कोणालाच. तपासलेलं नसतं म्हणून. कोणीच प्यायचं नाही.”

“कोणीच न्हाई?” ते माझ्याकडे बघत राहिले. “गोऱ्यांनी पण?”

“कोणीच नाही.”

मग हसले. पोटातून हसले, खांदे हलेपर्यंत. “मंग बरंय की. मंग चांगली हाय पाटी.”

“काय झालं, काय झालं?” श्रीधरकाका परत आले. बाबांनी हात पुन्हा खिशात घातले. मी म्हटलं, काही नाही.

पाण्यावरची पाटी म्हणजे कोणाला तरी मनाई. हे माझ्या बापाला ज्या गावांनी शिकवलं त्या गावांचे हापसे त्यांनीच दुरुस्त केले. एक गोष्ट ते घरी हसत हसत सांगायचे. एका गावात मार्चच्या उन्हात दोन दिवस खपून त्यांनी पाणी काढलं. तहान लागली. ज्या हापशाचं पाणी ह्यांनी काढलं त्याला हात लावू दिला नाही. एका बाईनं वरून धार धरली आणि ह्यांनी ओंजळीनं प्यायलं. जीप वेशीबाहेर गेल्यावर गावानं हापसा धुऊन घेतला. हे सांगून झालं की बाबा डोळे बारीक करायचे. “आता गंमत बघ. आत वॉशर कशाचा? कातड्याचा. म्हशीच्या कातड्याचा. तेलात भिजवून मी बसवलेला. पाटलापासून भटजीपर्यंत गाव जे पाणी पीत होतं ते माझ्या कातड्यातून वर येत होतं. वरून कितीबी धू म्हणावं.”

लहानपणी मी ह्यावर टाळ्या पिटायचे. मोठी झाल्यावर मला त्याचा राग यायला लागला, त्यांच्या हसण्याचा. त्यांनी हसायला नको होतं, त्यांनी पान्हा फेकून यायला हवं होतं, असं मला वाटायचं. विद्यापीठात बसून असं वाटणं सोपं असतं. त्यांनी पान्हा फेकला असता तर त्या गावातली आमची वस्ती आधी तहानली असती. ती हापशाच्या रांगेत शेवटी उभी असायची.

नदी ओलांडली. पुन्हा नवा बांधलेला जुना राजवाडा आला. काकांनी राजांची नावं सांगितली, सगळे फ्रीडरिश नाहीतर व्हिल्हेल्म. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “येवढ्या वाड्याला पाणी कोण आणायचं, साहेब?”

“पाणी? अहो, नोकर असणार की!”

“त्यांची नावं लिहिलीत का कुठं?”

“नोकरांची? छे!” काका खुशीत होते. “तुमच्यातला वॉटर सप्लायवाला काही सुटत नाही हं.”

लिंडनच्या झाडांचा रुंद रस्ता. मग विद्यापीठासमोरचा तो चौक, जिथं जमिनीत काच बसवलीय आणि खाली रिकामी पांढरी कपाटं दिसतात. नाझींनी इथं पुस्तकं जाळली होती. काका टोपी काढून उभे राहिले. कुंदाकाकूंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

“कसली माणसं असतील हो. पुस्तकं जाळायची!”

बाबा काचेतून खाली बघत होते. “आमच्या आज्याला कोणी पुस्तक हातातच धरू दिलं न्हाई. जाळायची येळच आली न्हाई.”

मग काका टोपी घालत म्हणाले, “ते खरंय हो विठ्ठलराव. पण ते आता जुनं झालं.”

“जुनंच बघायला आलोय ना आपण, साहेब?”

बाबांचा सूर अगदी साधा होता, कोणाला टोचावं म्हणून ते बोलले नव्हते. पण काकांचा चेहरा जरा आखडला. हृषिकेशनं माझा दंड धरला. “दीपा, बाबांना सांग ना, प्लीज. आज तरी.”

“काय सांगू?”

“म्हणजे... यू नो. वातावरण लाइट ठेवू या.”

सकाळपासून मीही तेच करत होते. बापाला लाइट ठेवत होते. हृषिकेशच्या तोंडून ऐकल्यावर ते किती घाण वाटतं ते समजलं. पण मी तेव्हाही गप्प बसले. एक वाजायला पाऊण तास होता.

चौकातून जेवणाच्या जागेकडे जाताना आम्ही एका शांत गल्लीत वळलो आणि तिथं दुसरा हापसा होता. ह्याचं पोट उघडलेलं. बाजूला पांढरी व्हॅन, फुटपाथवर ताडपत्री, तिच्यावर पान्हे, नटबोल्ट, तेलाचा डबा. एक म्हातारा जर्मन मेस्त्री, साठीच्या पुढचा, निळ्या डांगरीत, हापशाला मिठी मारल्यासारखा उभा होता. आतला लांब दांडा त्यानं एका हातानं वर उचलून धरला होता आणि दुसऱ्या हातानं तो खीळ बसवायला बघत होता. खीळ भोकाशी यायची, दांडा अर्धा इंच घसरायचा, भोक हुकायचं. मेस्त्री शिव्या देत होता. स्वतःला, दांड्याला आणि बहुतेक घरी आजारी पडलेल्या जोडीदाराला.

बाबा दोन क्षण थांबले.

“हे एकट्याचं काम न्हाई,” ते म्हणाले. कोट काढला, माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि गेले.

त्यांनी मेस्त्रीला काही विचारलं नाही. बाजूला उभे राहिले, दांड्याला दोन्ही हात घातले आणि भार घेतला. मेस्त्रीनं मान वळवून बघितलं. बाबांनी हनुवटीनं खूण केली, तू तुझं कर. मेस्त्रीनं हात सोडला. दांडा केसभर हलला नाही.

“आख!” मेस्त्री म्हणाला. मग खाली वाकून त्यानं वॉशर दाखवला, नवा, कोरडा, गोल, वाटीसारखा. बाबांनी मान पुढं करून त्याचा वास घेतला. तोंड वाकडं केलं. मेस्त्री खदखदून हसला, तो वॉशर ताडपत्रीवर फेकला आणि तेलाच्या डब्यातून दुसरा काढला, भिजलेला, काळा, मऊ. बाबांनी बघितलं आणि मान हलवली. हां. हा.

हे सगळं एका शब्दाशिवाय झालं. मी माझ्या बापाला काम करताना शेवटचं बघितलं तेव्हा दहावीत होते. पाय किती रुंद ठेवायचे, भार कमरेवर कसा घ्यायचा, श्वास कधी धरायचा, हे त्या शरीराला ठाऊक होतं. सकाळपासून शहर बघणारा, कोटात अवघडलेला एक म्हातारा माझ्यासोबत चालत होता. हा माणूस वेगळा होता. हा माझा बाप होता.

“अहो, त्यांना थांबवा ना,” कुंदाकाकू म्हणाल्या. “पांढरा शर्ट आहे.”

“विठ्ठलराव, राहू द्या हो!” काकांनी हाक मारली. “ह्या कामांना इथं माणसं असतात.”

बाबांनी वळून बघितलं नाही. वळता येतच नव्हतं. दांडा सोडला असता तर सरळ बोअरमध्ये गेला असता.

“दीपा, टेबल एक वाजताचं आहे,” हृषिकेश कानात म्हणाला. “बोलाव ना त्यांना. आई बघतेय.”

मी पुढं गेले. बोलवायलाच गेले होते, हे कबूल करते. “बाबा” असं म्हणणार तेवढ्यात मेस्त्रीनं माझ्याकडे बघून जर्मनमध्ये विचारलं, “तुमचे वडील? ह्यांना हे येतं. काय करायचे?”

माझ्या मागं तीन माणसं उभी होती आणि तिघांनाही जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. समोर एक माणूस होता, त्याला एक शब्द कळत नव्हता. तिथं मी काहीही म्हणाले असते तरी बाबांना कळलं नसतं. इंजिनियर म्हटलं असतं तर मेस्त्रीनंही ‘आहा’ म्हटलं असतं आणि आम्ही जेवायला गेलो असतो. खोटं इतकं सोपं कधीच नव्हतं. बाबांच्या मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता.

“हातपंप मेकॅनिक,” मी जर्मनमध्ये म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. “खेड्यांत. एकतीस वर्षं.”

“गेनाऊ!” मेस्त्री म्हणाला, जणू परीक्षेत माझं उत्तर बरोबर आलं. “मला हातांवरूनच कळलं.”

मागून श्रीधरकाका मराठीत, हळू, “मेकॅनिक? पण आम्हाला तर डेप्युटी इंजिनियर...”

“मी सांगितलं होतं, काका. खोटं सांगितलं होतं. बाबांनी नाही सांगितलं. ते सकाळपासून एक शब्द खोटं बोललेले नाहीत, आठवून बघा.”

“पण का?” कुंदाकाकूंचा आवाज चढला. “आम्ही जातीचं काही म्हटलं का? कधी एका शब्दानं म्हटलं? मग ही फसवणूक कशासाठी?”

“काकू, मेकॅनिक म्हटलं असतं तर तुम्ही आज तारीख ठरवायला आला असता?”

“म्हणजे काय! मेकॅनिक असते म्हणून आम्ही नाही म्हटलं असतं का?”

त्यांनी ते रागात विचारलं. मग उत्तराची वाट बघितली. माझ्या, काकांच्या, हृषिकेशच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग त्यांनी स्वतःच नजर खाली घातली. त्यांचा राग खोटा नव्हता. मी फसवलं होतं आणि फसवलेल्या माणसाला राग येणारच. पण त्या रागाच्या आडोशाला दुसरंही काही उभं होतं आणि ते त्यांना त्या क्षणी दिसलं असावं, म्हणून त्या आणखी चिडल्या.

“हा विश्वासाचा प्रश्न आहे,” काका म्हणाले. “कामाचा नाही. काम कुठलंही हलकं नसतं.”

“आत्ताच म्हणालात की काका, ह्या कामांना इथं माणसं असतात.”

“दीपा!” हृषिकेश ओरडला.

“तू तर बोलूच नकोस. तुला माहीत होतं.”

“दीपा,” दांडा धरलेल्या बाबांचा आवाज आला. मान तशीच समोर, श्वास दाबलेला. “भांडण जरा हळू घ्या. ह्याची खीळ अजून बसली न्हाई.”

हातोडीचे तीन ठोके पडले. मेस्त्रीनं अंगठा वर केला. बाबांनी सावकाश, एकेक बोट सोडवत दांडा सोडला आणि पाठ सरळ केली. शर्टाच्या छातीवर काळा पट्टा उमटला होता. ते माझ्याकडे वळले.

“त्याला काय सांगितलंस तू? वर्षं सांगितलीस का? किती?”

त्यांना सगळं कळलं होतं. नंतरचं भांडण मराठीतच तर होतं. “एकतीस.”

“तेहतीस. रोजंदारीची दोन वर्षं काहून सोडलीस? ती बी माझीच हायेत. सांग त्याला.”

मी मेस्त्रीकडे वळून सांगितलं. तेहतीस. मेस्त्रीनं गंभीरपणे मान डोलावली, छातीवर हात ठेवला आणि स्वतःचा आकडा सांगितला. एकोणतीस. मी बाबांना सांगितलं.

“ल्हान हाय मग माझ्यापेक्षा,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्या राजाच्या पुतळ्यावर बघितलं नव्हतं सकाळपासून.

मग ते चिंधीला हात पुसत दामल्यांकडे गेले. “साहेब, ताई. लेकरानं चूक केली. तिच्या वतीनं माफी मागतो. खोट्याची मागतो, कामाची न्हाई.”

काकांनी हात जोडले. एवढं मात्र म्हणेन, त्या माणसानं तेव्हा भाषण केलं नाही. कुंदाकाकूंचे पाय दुखायला लागले. खरंच दुखत असतील, सकाळपासून चालत होत्या. टॅक्सी बोलावली. जेवणाचं टेबल रद्द करायचा फोन काकांनी केला. हृषिकेश टॅक्सीचं दार धरून उभा होता, एक पाय आत, एक बाहेर.

“त्यांना हॉटेलवर सोडून येतो. एका तासात. वेट कर इथं.”

“बरं,” मी म्हणाले.

टॅक्सी गेली. बाबांनी हापशाचा बाहेरचा दांडा हातात घेतला आणि मेस्त्रीकडे बघितलं. मेस्त्रीनं कमरेत वाकून, हात पसरून, दरबारात करावा तसा मान दिला, तुमचा पहिला. बाबा हापसू लागले. आधी नुसती खोकल्यासारखी हवा आली. मग खालून कुठूनतरी गुडगुड वर चढत आली आणि तोटीतून तांबूस पाण्याची धार फुटपाथवर आदळली.

मेस्त्रीनं व्हॅनमधून डबा आणला. ब्रेडचे दोन जाड तुकडे, मधे चीज, लोणच्याच्या काकडीची चकती. एक तुकडा बाबांना दिला. दोघं फुटपाथच्या कडेला पाय रस्त्यावर सोडून बसले. मेस्त्री जर्मनमध्ये बोलत होता, बहुतेक कंत्राटदाराबद्दल. बाबा मराठीत बोलत होते, नक्कीच कंत्राटदाराबद्दल. दोघंही अधूनमधून ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत होते. बाबांना तेवढं जर्मन तीन आठवड्यांत आलं होतं.

तास झाला. हृषिकेश आला नाही. सव्वादोन वाजता मेसेज आला. आई खूप अपसेट आहे. आज नको. उद्या बोलू.

“काय म्हणतोय?” बाबांनी विचारलं.

“उद्या बोलू म्हणतोय.”

“मंग बोल उद्या.” त्यांनी काकडीची चकती तोंडात टाकली. “आंबट हाय. पर भारी हाय.”

मी फोन पर्समध्ये टाकला. रडले नाही. रडायचं होतं ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं. त्या दुपारी मला वेळ नव्हता, मी माझ्या बापाकडे बघत होते. आणि छाती इतकी भरून आली होती की बरगड्या दुखत होत्या.

समोरच्या इमारतीतून एक वयस्क बाई दोन हिरव्या झाऱ्या घेऊन आल्या. उन्हाळ्यात इथली माणसं रस्त्यावरच्या झाडांना असं पाणी घालतात. हापसा चालू झालेला बघून त्या मेस्त्रीला काहीतरी छान बोलल्या आणि पहिली झारी तोटीखाली धरून दांडा दोन-चारदा मारला. बाबा हातातला ब्रेड डब्याच्या झाकणावर ठेवून उठले.

“थांबा, बाई. पहिलं पाणी गढूळ येतंय. ते सांडून द्यायचं.”

मराठीत. गावच्या हापशावर बायांना सांगायचे त्याच सुरात. मी भाषांतराला पुढं झाले नाही. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, झारीतल्या लालसर पाण्याकडे बघितलं, झारी रस्त्याच्या कडेला पुरती उपडी केली आणि पुन्हा आणून तोटीखाली धरली.

बाबा हापसू लागले.